मॅनिफोल्डमधलं काजळ

वर्तमानपत्रात गुंडाळून आणलेली वस्तू आधी टेबलावर ठेवतो. टेबलक्लॉथ तुमच्या सोसायटीचा आहे, म्हणून खाली अजून दोन पानं पसरतो. हा एका डिझेल गाडीचा इनटेक मॅनिफोल्ड. एअर फिल्टरमधून आलेली हवा चारही सिलिंडरना वाटून देणाऱ्या या नळ्या. पुढे बसलेल्यांनी भोकात डोकावून बघा. मूळ भोकात दोन बोटं सहज जातात, आता करंगळीही अडते. आत काळं, चिकट, डांबरासारखं बसलंय. मालक म्हणाले होते, "गाडीला पिकअपच नाही, गायमुखच्या चढाला मागचे सगळे हॉर्न मारतात."

या नळीतून जायची हवा, मग तेल आलं कुठून? ठाण्यात वागळे इस्टेटला माझं गॅरेज आहे, तिथे हा प्रश्न रोजचाच.

पिस्टनच्या रिंगा नव्या असल्या तरी त्यांच्या टोकांमध्ये बारीक फट ठेवावीच लागते. तापल्यावर रिंग फुगते, तिला जागा हवी. त्या फटीतून जळलेला थोडा गॅस खाली ऑइल चेंबरकडे निसटतो. आम्ही त्याला ब्लो-बाय म्हणतो. खाली गरम तेल उडतच असतं, त्याचे तुषार हा गॅस सोबत घेतो. त्याला वाट दिली नाही तर दाब वाढून ऑइल सील बाहेर फेकले जातील. जुन्या गाड्यांत हा गॅस बाहेर काढणारा ब्रीदर पाइप सरळ खाली रस्त्याकडे सोडलेला असायचा. पुढे 1960च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात धुरक्यामुळे हा गॅस परत इंजिनातच जाळायचा नियम आला आणि तो गॅस मॅनिफोल्डमध्ये परत सोडणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह रुळला. म्हणजे मॅनिफोल्डमध्ये तेलाचा हात लागणं हा बिघाड नव्हे, ती रचनाच आहे.

मग हे डांबर कशाचं? इथे बसलेल्या आज्यांना काजळ कसं करतात ते माहीत आहे. दिव्यावर ताटली धरायची, काजळी उतरवायची आणि तुपात कालवायची. डिझेल गाडी तेच करते. ईजीआर व्हॉल्व्ह सायलेन्सरकडे निघालेल्या धुरातला काही भाग परत मॅनिफोल्डमध्ये पाठवतो. त्यामुळे जळण्याचं तापमान उतरतं आणि नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड कमी होतात. पण धुराबरोबर काजळी येते, ब्रीदरकडून तेल येतं आणि नळीत काजळ तयार होतं. ईजीआर जास्त उघडतो तो हलक्या लोडवर, कमी आरपीएमला. घोडबंदर रोडवर कापूरबावडी ते कासारवडवली सकाळी साडेनऊच्या ट्रॅफिकमध्ये गाडी कशी चालते, ते तुम्ही मला सांगा!

"एक्स्प्रेसवेला पळवून आणा, साफ होईल" असं सांगणारे भेटतात. ते डीपीएफच्या, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरच्या बाबतीत खरं आहे, कारण तो फिल्टर सुमारे 600 अंशांपर्यंत तापवून आतली काजळी जाळता येते. मॅनिफोल्ड तेवढा कधीच तापत नाही. बसलेला थर काढायचा तर तो उतरवून धुवावा लागतो. जागेवरच औषध मारलं तर सुटलेला गोळा सिलिंडरमध्ये जायची भीती. ईजीआरला पत्रा लावून बंद करणारे आहेत, मी ते काम घेत नाही. मग ते विषारी ऑक्साइड आपल्याच पोरांच्या नाकात जातात.

पेट्रोलवाल्यांचं थोडक्यात. साध्या इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर पडतं, ती धुतली जाते. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये पडतं, म्हणून व्हॉल्व्हच्या पाठीवर कार्बन साचतो. परदेशात तो अक्रोडाच्या कवचांचा भुगा मारून काढतात. आपल्याकडे अक्रोडाचा भाव बघता कवचंही जपून ठेवावीत.

आता झीज. ही माझ्या मते खरी काळजीची गोष्ट. एअर फिल्टरमधून इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपात बोट फिरवा आणि अंगठ्यावर चोळा. गुळगुळीत लागलं तर नुसतं तेल. कचकचलं, खाताना भाकरीत खडा लागावा तसं, तर धूळ फिल्टर चुकवून आत येतेय. मेट्रोच्या कामांनी घोडबंदर रोडवर किती धूळ उडाली, ते तुमच्या बाल्कन्या सांगतील. तेलात धूळ मिसळली की व्हॉल्व्ह घासायला आम्ही जी पेस्ट वापरतो तिचीच बहीण तयार होते. ती रिंगा आणि बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, खाते. रिंगा झिजल्या की ब्लो-बाय वाढतो आणि मॅनिफोल्डमध्ये आणखी तेल येतं. कारण बहुतेक वेळा फालतू असतं. फिल्टरच्या डब्याची एक क्लिप तुटलेली, नाहीतर कागदी फिल्टरला कंप्रेसरची हवा जवळून मारून त्याला भोकं पाडलेली. फिल्टर बदलायचा असतो, झाडायचा नसतो.

एक माझीच चूक सांगतो. एक पेट्रोल गाडी आली. निळा धूर, मॅनिफोल्ड तेलाने ओला. मी ऐटीत सांगितलं, "काका, रिंगा गेल्या, इंजिन उघडावं लागेल." उघडलं. बोअर उत्तम, रिंगा उत्तम. फाटला होता पीसीव्हीचा रबरी पडदा, त्यातून तेल ओढलं जात होतं. मजुरी मी सोडली, पण काकांची गाडी बारा दिवस अडकली ती अडकलीच. तेव्हापासून इंजिनाला हात लावण्याआधी मी कागद लावतो.

म्हणजे काय करतो? पेट्रोल इंजिन आयडलवर ठेवायचं, तेल भरायचं झाकण काढायचं आणि तोंडावर वहीचा कागद ठेवायचा. बहुतेक गाड्यांत तो हलका ओढला जाऊन चिकटतो. उडून पडला, तर खाली दाब साचतोय: पीसीव्ही व्हॉल्व्ह चोंदलाय किंवा रिंगा थकल्यात. फारच घट्ट ओढला गेला, तर पडदा बघायचा. सगळं ठीक असेल तर डिपस्टिक पुसून बघा. वरच्या खुणेपेक्षा जास्त तेल ओतलं असेल तर पिस्टनखाली फिरणारा क्रँक ते घुसळून फेस करतो आणि ब्रीदरमधून वर पाठवतो. पावसाळ्यात झाकणाखाली लोण्यासारखं पांढरट दिसलं, तर आधी स्वतःला विचारा, गाडी फक्त स्टेशन ते घर चालते का? तेल पुरतं तापलं नाही की त्यातलं पाणी उडत नाही. कूलंट कमी होत असेल किंवा डिपस्टिकवरही दूध दिसलं, तर मात्र गाडी चालवत आणू नका, टो करून आणा.

बी विंगमधल्या वहिनी मघापासून हात वर करून आहेत. त्यांची गाडी खालीच आहे म्हणतात. चला, कोणीतरी वहीचं एक पान फाडून घ्या, हात पुसायला चिंधी माझ्याकडे आहे.