झोपेच्या गोळीची शेवटची तारीख

(अंबाजोगाईत एका संध्याकाळी दिलेल्या व्याख्यानाचं लेखी रूप)

नमस्कार मंडळी. पंखे फिरतायत तोवर मुद्द्याचं बोलून घेतो, मे महिन्यातल्या लाईटचा भरवसा नाही. पत्रिकेवर विषय छापलाय, 'मेंदूतली रसायनं आणि आपलं वागणं'. त्यावर बोलणारच आहे. पण आधी एक विचारतो. तुमच्या घरात कुणाला रोज रात्री झोपेची गोळी चालू असेल तर हात वर करू नका, नुसतं मनात आणा. आणलं? आता ती गोळी कोणत्या तारखेला बंद करायची, हे ज्यांना सांगितलेलं आहे त्यांनी हात वर करा.

दोन. मागं खांबाजवळ एक, म्हणजे तीन. आणि सभागृहात बसायला जागा नाही.

मी डॉक्टर नाही. ३१ वर्षं मेडिकल चालवलं, तालुक्याच्या गावात, मोंढ्याच्या रस्त्याला. डॉक्टरला पेशंट पाच मिनिटं दिसतो. आम्हाला तो वर्षानुवर्षं दिसतो. हातात तीच चिठ्ठी, घडीवर फाटलेली, मधे चिकटपट्टी लावलेली. ती चिकटपट्टी लावलेली चिठ्ठी मला झोपू देत नाही, म्हणून आज इथं उभा आहे.

माझी आत्या माजलगावकडची. तिचे मालक अचानक गेले. तेरावं झालं, पाहुणे आपापल्या गावी गेले आणि तिची झोप गेली. जवळच्या डॉक्टरांनी अल्प्राझोलम दिली, पाव मिलिग्रॅम, दहा दिवस. ते बरोबर होतं, आजही मी बरोबरच म्हणेन. एवढ्या मोठ्या दुःखात माणसाला चार रात्री विसावा मिळालाच पाहिजे. अकराव्या दिवशी काय करायचं, तेवढं चिठ्ठीवर नव्हतं.

ती दहा दिवसांची गोळी नऊ वर्षं चालली. पावाची अर्धी झाली, अर्ध्याची एक. दर महिन्याला तिचा नातू एसटीनं यायचा आणि मी तीन पाकिटं बांधून द्यायचो. चिठ्ठी जुनी होती, ती मी चालवून घेतली. मार्च २०१४ पासून ही औषधं एच-वन यादीत, म्हणजे विक्रीवर जास्त कडक नजर असलेल्या औषधांच्या सरकारी यादीत आली. त्यांचं वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं. डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, औषध कोणतं, किती दिलं, आणि तीन वर्षं ते जपायचं. म्हणजे माझ्या आत्याचं नाव दर महिन्याला मी माझ्या हातानं लिहीत होतो. एकदाही मनात आलं नाही की ही बाई अजून का घेतेय. याची मला लाज वाटते, आणि ती वाटलीच पाहिजे.

मग एका रात्री मोरीकडं जाताना ती पडली. मनगट मोडलं. या गोळीनं म्हाताऱ्या माणसाचा तोल जातो, हे आम्हाला कॉलेजातच शिकवलेलं होतं. शहरातल्या दवाखान्यात नेलं. तिथं एका तरुण डॉक्टरनं गोळ्यांची पिशवी बघितली, म्हणाला, ही कसली सवय लावून घेतली आजी, आजपासून एकदम बंद. भल्यासाठीच म्हणाला. घरी आणलं आणि तिसऱ्या रात्री आत्याला झटके आले. दातखिळी बसली, डोळे फिरले. घरच्यांना वाटलं वारं गेलं. शेजारीण म्हणाली अंगात आलंय, लिंबू उतरवून झाला. मी पोचलो तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते. जीप दारात उभी होती आणि तिचा मुलगा रडत होता.

अंथरूण उचलताना उशाखाली कुंकवाचा जुना करंडा सापडला. आत कापूस, आणि कापसावर नखानं तोडलेल्या गोळ्यांचे तुकडे. मोजले, सतरा होते. म्हणजे ती अधूनमधून आपली आपणच कमी करून बघायची. अर्धी गिळायची, अर्धी करंड्यात ठेवायची. मग रात्रभर आढ्याकडं बघत पडायची आणि दुसऱ्या रात्री भिऊन पुन्हा अख्खी घ्यायची. सतरा वेळा प्रयत्न केला बाईनं, एकटीनं. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर मी विचारलं, "आत्या, मला का नाही सांगितलंस?" म्हणाली, "तूच तर देतूस रं लेकरा. मला वाटलं, घ्यायचीच असती."

(थोडं पाणी द्या.)

तिच्या डोक्यात काय घडलं ते सांगतो. मेंदूत गाबा नावाचं रसायन असतं. पेशीला 'आता थांब' म्हणायचं हे त्याचं काम. ही गोळी स्वतः झोप आणत नाही, ती गाबाचा आवाज मोठा करते. पेशी गप्प होतात, माणसाला गुंगी येते. पण घरात रोज भोंगा लावला की कान त्याला सरावतात, तसं मेंदूचं होतं. महिनोन्‌महिने आवाज मोठा राहिला की ऐकणारी पेशीच जरा बहिरी होते. मग गोळी एकदम काढली, तर गाबाचा मूळचा आवाज तिला ऐकूच जात नाही. सगळ्या पेशी एकदम मोकाट. रात्रभर टक्क जाग, छातीत धडधड, हाताला कंप आणि नशीब वाईट असेल तर झटका. घरचे म्हणतात, बघा, गोळीशिवाय हिला झोपच येत नाही! आणि पुन्हा नवं पाकीट आणतात. अहो, ती मूळची निद्रानाशाची तक्रार बऱ्याचदा आता राहिलेलीच नसते, ही थकबाकी गोळीची असते.

देगलूर-बिलोलीकडचे कुणी आहेत का? हां, आहेत. त्यांना हे नवं नाही. सीमेपलीकडं तेलंगणात शिंदीमध्ये अल्प्राझोलम आणि क्लोरल हायड्रेट मिसळल्याची प्रकरणं कितीदा उघडकीला आली. २०१५ साली तिथं भेसळीवर कारवाई झाली आणि रोज शिंदी पिणारी माणसं झटके येऊन, असंबद्ध बडबडत दवाखान्यात भरती झाली. कष्टकरी माणसं, दिवसभर राबून संध्याकाळी एक लोटा पिणारी. आपण रोज औषध पितोय हे त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं, आणि ते एका दिवसात तुटलं.

आता झोप मुळात येते कशी? दोन गोष्टी लागतात. पहिली म्हणजे ओझं. आपण जागे असतो तोवर मेंदू इंधन जाळतो, आणि चुलीत राख साठावी तसं अडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं. ते पेशीवरच्या ठरलेल्या जागेवर जाऊन बसलं की डोळे जड होतात. चहा काय करतो? एसटी स्टँडात लागली की आपण खिडकीतून रुमाल टाकतो की नाही? तसं चहातलं कॅफिन त्या जागेवर रुमाल टाकतं. अडेनोसिन गाडीत चढलेलं असतं, पण बसायला जागा नाही, मग दांडा धरून उभं. तुम्हाला वाटतं तरतरी आली. थकवा कुठंही गेलेला नसतो, तो उभा असतो. कॅफिन उतरलं की सगळे एकदम बसतात. आणि ते लवकर उतरत नाही. साधारण पाच तासांनी निम्मं उतरतं. संध्याकाळी सहाला घेतलेल्या चहातलं निम्मं कॅफिन रात्री अकराला तुमच्या रक्तात असतं. लातूरला खोल्या करून नीट परीक्षेचा अभ्यास करणारी लेकरं रात्री एकला चहा पितात आणि पहाटे चारचा गजर लावतात. त्यांच्या आईबापांना हात जोडून सांगतो, दिवसभर पाठ केलेलं पक्कं होतं ते झोपेतच.

दुसरी गोष्ट घड्याळ. डोळ्यांच्या दोन्ही नसा मेंदूच्या तळाशी जिथं एकमेकींना ओलांडतात, तिथं अगदी वर पेशींचा एक बारका पुंजका असतो, तेच हे घड्याळ. उजेड आहे की अंधार, हे त्याला डोळे कळवतात. अंधार पडला की तो मेंदूतल्या पिनियल ग्रंथीला मोकळीक देतो आणि रात्र झाल्याचा निरोप देणारं मेलाटोनिन रक्तात येतं. हे रसायन १९५८ साली अमेरिकेत आरन लर्नर यांनी वेगळं काढलं. आता आपल्याकडं या. शेतीची लाईट आठवड्यातले काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. माणूस रात्री दोनला मोटार चालू करायला जातो, दारं धरतो, पायाखाली साप आहे की काय म्हणून बॅटरी मारत राहतो. सकाळी नऊला अंग टाकतो तेव्हा ओझं भरपूर असतं, पण घड्याळ म्हणतं दिवस आहे. तीन-चार तासांत डोळे उघडतात. पुढच्या आठवड्यात पाळी बदलते, पुन्हा सगळं उलटं. असा माणूस माझ्या काउंटरवर येऊन म्हणायचा, "साहेब, झोपंची एखादी गोळी द्या." त्याला दिवसा लाईट हवी होती. ती माझ्या कपाटात नव्हती.

आयोजकांची चिठ्ठी आली, दहा मिनिटं राहिली. पत्रिकेवरचा विषय आता भरभर सांगतो.

रसायनानं वागणं बदलतं, हे जगाला पटवण्यात आपल्या मातीतल्या एका मुळाचा मोठा वाटा आहे, सर्पगंधेचा. १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहून ठेवलं की या मुळीनं हिंसक झालेला वेडसर रुग्ण शांत होतो आणि वाढलेला रक्तदाबही उतरतो. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावरचा तिचा उपयोग ब्रिटिश नियतकालिकात मांडला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत त्यातून रेसरपिन वेगळं काढलं. पुढं दिसलं की ते घेणाऱ्यांपैकी काहीजण खोल उदास होतात. रेसरपिन मेंदूच्या पेशींमधली डोपामिन, सेरोटोनिन या रसायनांची कोठारं रिकामी करतं. स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी १९५७ मध्ये सशांना रेसरपिन दिलं, ससे कान पाडून निपचित पडले. मग डोपामिन ज्यापासून बनतं ते एल-डोपा टोचलं, आणि ससे उठून हिंडू लागले. कंपवाताचं औषध त्या वाटेनं आलं, २००० साली त्यांना नोबेल मिळालं. उदास बसलेल्या माणसाला आपण 'मन घट्ट कर' म्हणतो ना, तेव्हा तो कान पाडलेला ससा आठवा.

दारू. तीही गाबाचाच आवाज वाढवते, म्हणून झोप पटकन लागते. पण स्वप्नांची झोप ती पहिल्या प्रहरात दाबून टाकते, आणि उतरली की मेंदू उसळतो. पिणारा माणूस पहाटे तीनला घामेजून उठतो तो यामुळं, आणि दुसऱ्या दिवशी घरात चिडचिड होते तीही बऱ्याच अंशी यामुळंच.

तंबाखू उलट जागं ठेवणारी. दर दोन तासांनी रक्तातलं निकोटीन निम्मं होतं, म्हणून रात्रभरात मेंदू उपाशी पडतो आणि उजाडायच्या आत हात चुन्याच्या डबीकडं जातो. माया-बहिणींची मशेरी तीच गोष्ट. दात घासण्याचं ते निमित्त आहे.

वेळ संपली, आत्याचं राहिलं. सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचाराच्या डॉक्टरबाईंनी गोळी आधी पुन्हा सुरू केली. मग थोडी थोडी उतरवत नेली, सात महिने लागले. मधे दोनदा थांबावं लागलं. कॅलेंडरवर प्रत्येक आठवड्याची मात्रा नातवानं लिहिली होती, आणि भाद्रपदातल्या एका तारखेवर पूज्य. त्या पुज्यानंतर चार-पाच रात्री वाईट गेल्या, मग झोप लागली. पहिल्यासारखी नाही, पण तिची स्वतःची.

माझं मागणं एवढंच. झोपेच्या गोळीच्या प्रत्येक चिठ्ठीवर डॉक्टरांनी ती बंद करायची तारीख लिहावी, आणि तारीख नसेल तर मेडिकलवाल्यानं विचारावं. काहींना ती जास्त दिवस लागते, मग पुढची तारीख लिहा. पण लिहा.

आणि नीट ऐका. माझं ऐकून आज रात्री कुणीही गोळी टाकून देऊ नका. आजची गोळी रोजच्यासारखी घ्या, उद्या चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडं जा. ज्यांना जाता येत नाही, त्यांनी मला चिठ्ठ्या दाखवा. मी बाहेर लिंबाखाली बसतोय, साडेनऊपर्यंत आहे.