सहाव्या जागेचा हिशेब

श्रोतेहो, नमस्कार.

राज्यसभेला आपण थेट मत देत नाही, त्यामुळे तिची निवडणूक आली कधी नि झाली कधी, पुष्कळांना कळतही नाही. लोकसभेसाठी महाराष्ट्राचे ४८ मतदारसंघ आहेत. राज्यसभेसाठी मात्र मुंबईपासून गडचिरोलीपर्यंत सारा महाराष्ट्र एकच मतदारसंघ. जागा १९, मतदार विधानसभेचे २८८ आमदार. दर दोन वर्षांनी सहा-सात जागा रिकाम्या होतात आणि त्या एकाच मतपत्रिकेवर भरल्या जातात.

इथे शिक्का नसतो. आयोगाने दिलेल्या जांभळ्या शाईच्या पेनाने आमदार नावांपुढे पसंतीचे आकडे घालतो: १, २, ३. मला बोलायचंय ते त्या २ बद्दल.

१० जून २०२२ आठवा. जागा सहा, उमेदवार सात. एका आमदारांचं निधन झालेलं, दोघे तुरुंगात, एक मत बाद. वैध मतं २८४. प्रत्येक मताची किंमत १०० धरतात, म्हणजे एकूण २८,४००. सहा जागांत एक मिळवून सातनं भागायचं, अपूर्णांक सोडायचा आणि वर एक वाढवायचा. कोटा, म्हणजे जिंकायला लागणारी किंमत, आला ४,०५८. साध्या हिशेबात ४१ मतं.

सहाव्या जागेवर दोन कोल्हापूरकर समोरासमोर होते. पहिल्या पसंतीची मतं शिवसेनेच्या संजय पवारांना ३३, भाजपच्या धनंजय महाडिकांना २७. लोकसभेची रीत असती तर पवार जिंकले असते. पण भाजपनं पियूष गोयल आणि अनिल बोंडे यांना ४८-४८ मतं दिली होती, गरजेपेक्षा सात-सात जास्त. कोट्यावरची शिल्लक पुढच्या पसंतीकडे जाते, आणि ज्याची शिल्लक मोठी त्याची आधी वाटतात. दोघांचीही शिल्लक ७४२. ४८ पत्रिकांत वाटली की पत्रिकेमागे १५. पंधरा-पंधरा करत ती महाडिकांच्या २,७०० मध्ये पडत गेली आणि त्यांनी कोटा ओलांडला. निकाल लागला तेव्हा दुसऱ्या दिवसाची पहाट झाली होती.

ही पद्धत मला मनापासून पटते, कारण बहुमत नसलेल्या पक्षालाही ४१ आमदारांवर एक जागा मिळते. प्रत्येक जागेसाठी सुटं मतदान घेतलं की हे संपतं, कारण मग दरवेळी निम्म्याहून जास्त मतं लागतात. २०१९ मध्ये गुजरातच्या दोन जागांची पोटनिवडणूक एकाच दिवशी, पण वेगवेगळ्या मतदानानं झाली. दोन्ही सत्ताधारी पक्षाकडे गेल्या.

आपल्याकडे २०२० आणि २०२४ ला निवडणूक बिनविरोध झाली, पेन उघडायची वेळच आली नाही. याचं मला वाईट वाटतं.

२००३ पासून पक्षाच्या आमदाराला मतपत्रिका आपल्या पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवूनच पेटीत टाकावी लागते. म्हणजे त्याचा २ पक्षाला ठाऊक असतो. ज्यांनी त्याला निवडून दिलं, त्या तुम्हा-आम्हाला नसतो. पुढच्या मतदानानंतर तुमचे आमदार गावात आले, की एवढं जरूर विचारा: साहेब, २ कुणापुढे घातलात?