बांधीतलं पाणी, मोहाखालची आग

2020 साली भारतातून हवेत गेलेले हरितगृह वायू, कार्बन डायऑक्साइडच्या मापात, 295 कोटी 90 लाख टन. त्यात शेतीचा वाटा जवळपास 14 टक्के. त्याच वर्षी जंगल, झाडं आणि जमिनीने 52 कोटी 20 लाख टन शोषून घेतले. हा जमाखर्च भंडारा-गोंदियात एकाच शिवारात पाहता येतो.

ही उन्हाळी धानाची बांधी, म्हणजे बांध घातलेलं भातशेत. रोवणीपासून कापणी जवळ येईपर्यंत इथे पाणी साचवून ठेवतात. पाण्याखालच्या चिखलाला हवा मिळत नाही. तिथले सूक्ष्मजीव कुजत्या काडीकचऱ्यापासून मिथेन बनवतात, आणि तो मुख्यतः धानाच्याच पोकळ देठांतून बाहेर पडतो. शंभर वर्षांच्या मापाने एक किलो मिथेन सुमारे 28 किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरतो.

उपाय साधा आहे: चिखलाला मधूनमधून हवा लागू द्यायची. त्यासाठी पडद्यावरचा हा प्लास्टिकचा पाइप. लांबी 30 सेंटिमीटर, तोंडाची रुंदी 15 सेंटिमीटर. खालच्या 20 सेंटिमीटरला दोन-दोन सेंटिमीटरवर 5 मिलिमीटरची भोकं. भोकांचा भाग जमिनीत गाडायचा आणि आतली माती हाताने काढायची. जागा बांधापासून किमान एक मीटर आत, उंचवटा किंवा खोलगट सोडून. रोवणीनंतर दोन आठवड्यांनी पाणी थांबवा. तण जास्त असेल तर आणखी आठवडाभर थांबा. पाइपातलं पाणी जमिनीखाली 15 सेंटिमीटरवर गेलं की बांधीत पुन्हा 5 सेंटिमीटर भरा. धान फुलोऱ्यावर येण्याआधीचा आणि नंतरचा एकेक आठवडा मात्र पाणी हटू देऊ नका, नाहीतर पळींज, म्हणजे पोकळ दाणे, वाढतं.

बांधी भरलेली असताना पाइपाच्या आत आणि बाहेर पाणी एकाच पातळीला हवं. नसेल तर भोकं गाळाने बुजलीत, पाइप धुऊन पुन्हा लावा. युरियाची वेळही सांभाळावी लागते. ओल्या-सुक्या मातीत नत्रापासून नायट्रस ऑक्साइड सुटतो, आणि तो उष्णता धरण्यात मिथेनपेक्षा कितीतरी जहाल. म्हणून युरिया पाणी देण्याच्या अगदी आधी टाका, तो पाण्याबरोबर खाली मुरतो.

खरी अडचण पाण्याच्या पाळीची आहे. कालव्याचं पाणी पुन्हा कधी येईल याची खात्री नसेल, तर कुणीही शेतकरी बांधी सुकवणार नाही, आणि त्याला दोष देता येत नाही. विहीर किंवा बोअर असलेल्या शेतात हे आजच करता येतं. कालव्याखाली आधी पाळीचं वेळापत्रक पक्कं व्हायला हवं.

आता बांधीपलीकडचं रान. मार्च-एप्रिलमध्ये मोहाच्या झाडाची फुलं गळतात. ती वेचताना नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, आणि वारा सुटला की ती आग रानात शिरते. मोठा मोह तगतो. जळतात ती खालची रोपं, म्हणजे पुढच्या पन्नास वर्षांचं जंगल. पाला झाडून घेतला किंवा झाडाखाली जुनी जाळी पसरली, तर आगीची गरजच उरत नाही. शिवाय जाळीवरची फुलं मातीविना मिळतात.

झाडलेला पाला थेट बांधीत टाकू नका. पाणी भरलेल्या चिखलात कच्चा पाला मिथेन वाढवतो. आधी खड्ड्यात शेणकाला घालून, अधूनमधून वरखाली करून पूर्ण कुजू द्या. मगच चिखलणीआधी शेतात पसरा.