चार्जिंगचा दिवा विझत नाही तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

ऑक्टोबर छाटणी झाली आणि द्राक्षबागेत फवारणीचे दिवस सुरू झाले, की पहाटे पाच वाजल्यापासून आमच्या गॅरेजचा फोन वाजू लागतो, आणि बहुतेक फोनवरचे पहिले वाक्य ठरलेले असते: "सेल्फ उचलत नाही, बॅटरी गेली वाटतं." रात्री दव पडलेले असते, डाउनी रोगाची धास्ती असते, टाकीत औषध कालवून ठेवलेले असते आणि फवारणीचा ब्लोअर जोडलेला ट्रॅक्टर मात्र दोन वेळा टकटक करून गप्प बसतो. अशा वेळी शेतकरी घाईघाईने नवी बॅटरी आणतो. ती चार-आठ दिवस बरी चालते आणि मग तीही बसते. म्हणून आज मी बॅटरीविषयी न बोलता तिला भरणाऱ्या अल्टरनेटरविषयी, म्हणजे ज्याला आपल्याकडे अजूनही डायनॅमोच म्हणतात त्याच्याविषयी बोलणार आहे. आणि दहा-पंधरा वर्षे राबलेल्या लहान ट्रॅक्टरवरचा बिघडलेला अल्टरनेटर कसा ओळखावा व कसा बदलावा, हे सांगणार आहे.

नाशिक भागात आठ-नऊ फुटांच्या ओळींतून फिरणारे हे लहान ट्रॅक्टर आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहेत. साडेअठरा अश्वशक्तीचा मित्सुबिशी शक्ती असो किंवा पंधरा अश्वशक्तीचा युवराज, त्यांच्या जुन्या डिझेल इंजिनाची एक खोड अशी, की एकदा चालू झाल्यावर त्याला विजेची जवळजवळ गरजच उरत नाही. पेट्रोलच्या गाडीत ठिणगी लागते. डिझेल मात्र नुसत्या दाबाने पेटते आणि त्याचा पंपही यांत्रिक असतो. त्यामुळे अल्टरनेटर मेला तरी ट्रॅक्टर दिवसभर काम करतो आणि बिघाड झाकलेला राहतो. मालक मग संध्याकाळी ट्रॅक्टर उतारावर लावू लागतो, म्हणजे सकाळी ढकलून चालू करता यावा. कोणाच्या वस्तीवर ट्रॅक्टर रोज उतारावरच उभा दिसला, तर त्याची चार्जिंग बंद आहे असे मी न विचारता समजतो.

अल्टरनेटरच्या पोटात काय असते, ते थोडक्यात सांगतो. पट्ट्याने फिरणारा मधला भाग म्हणजे रोटर. कार्बनमधून, ज्यांना ब्रश असेही म्हणतात, त्याच्या वेटोळ्याला थोडासा प्रवाह मिळतो आणि तो फिरता चुंबक बनतो. त्याच्या भोवतीच्या स्थिर वायंडिंगमध्ये वीज तयार होते. पण ती उलटसुलट वाहणारी असते, म्हणून मागच्या बाजूचे डायोड तिला एका दिशेने वळवतात आणि रेग्युलेटर, म्हणजे आपला कटआउट, व्होल्टेज आवाक्यात ठेवतो. अगदी छोट्या काही ट्रॅक्टरांवर मात्र कायम चुंबकाचा साधा डायनॅमो असतो. त्यात कार्बन नसतात, रेग्युलेटर वेगळ्या डबीत असतो आणि त्याची ताकदही बेताचीच, साधारण दहा-पंधरा अँपिअरची असते. आता हिशेब करून पाहा. ५५ वॅटचे दोन हेडलाइट म्हणजे ११० वॅट; बारा व्होल्टला ते सुमारे नऊ अँपिअर खातात. त्यावर रात्रीच्या फवारणीसाठी मागे आणखी दोन दिवे लावले, तर बॅटरीच्या वाट्याला काहीच उरत नाही. अशा ठिकाणी बिघाड काहीच नसतो, मागणीच जास्त असते.

आता मुख्य गोष्ट. अल्टरनेटर खोलण्यापूर्वी दोषी तोच आहे याची खात्री करा, कारण जुन्या ट्रॅक्टरवर तो निर्दोष सुटण्याची शक्यता बरीच असते. यासाठी बाजारात मिळणारा साधा मल्टिमीटर पुरतो. सकाळी इंजिन चालू करण्याआधी बॅटरीच्या दोन टोकांवर मोजले, तर भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२ वर काटा आला असेल तर ती जवळजवळ रिकामी आहे. मग इंजिन चालू करून मध्यम रेसवर ठेवा आणि पुन्हा मोजा. आकडा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आला, तर अल्टरनेटर आपले काम करीत आहे आणि तुमची तक्रार बॅटरीकडे किंवा सेल्फकडे वळवायला हवी. आकडा सकाळइतकाच राहिला किंवा हळूहळू उतरत गेला, तर चार्जिंग होत नाही. आणि तो पंधराच्या वर गेला, तर रेग्युलेटर बेलगाम झाला आहे; अशा ट्रॅक्टरच्या बॅटरीत वरचेवर डिस्टिल्ड वॉटर घालावे लागते आणि दिवे सारखे उडतात.

चार्जिंग होत नाही असे दिसले, तरी लगेच पान्हा उचलू नका. आधी ट्रॅक्टरच्या डॅशबोर्डवरच्या चार्जिंगच्या त्या छोट्या लाल दिव्याकडे पाहा. चावी लावल्यावर तो लागला पाहिजे आणि रेस दिल्यावर विझला पाहिजे. अनेक अल्टरनेटरांत याच दिव्यातून रोटरला सुरुवातीचा प्रवाह मिळतो. म्हणजे पाच-दहा रुपयांचा बल्ब उडाला, तर चांगला अल्टरनेटरही झोपून राहतो. याची आणखी एक खूण हाताला कळते. इंजिन बंद ठेवून चावी लावा आणि स्क्रूड्रायव्हरचे टोक पुलीच्या नटाजवळ न्या. रोटरला प्रवाह मिळत असेल, तर टोक हलकेच ओढले जाते. ओढ नसेल, तर बल्ब, त्याची वायर किंवा झिजलेले कार्बन यांपैकी कोणीतरी दगा दिला आहे. कायम चुंबकाच्या डायनॅमोला ही परीक्षा लागू नाही, हे लक्षात ठेवा. उलट, चावी काढून इंजिन पूर्ण थंड झाल्यावरही अल्टरनेटरची पाठ कोमट लागत असेल, तर आतला डायोड शॉर्ट झाला आहे आणि रात्रभर बॅटरी त्यातूनच रिकामी होत आहे.

निफाड तालुक्यातल्या एका बागायतदारांनी दीड वर्षात दोन बॅटऱ्या आणि एक अल्टरनेटर बदलला होता. तिसऱ्यांदा ते माझ्याकडे आले तेव्हा मी इंजिन चालू ठेवून, दिवे लावून अल्टरनेटरच्या मागच्या जाड बोल्टवर मोजले. तिथे १४.४ व्होल्ट होते. बॅटरीवर मोजले, तर १२.३. मधले दोन व्होल्ट गेले कुठे? मी त्या बोल्टपासून बॅटरीकडे जाणाऱ्या वायरवर बोटे फिरवत गेलो आणि बॅटरीच्या अलीकडे वीतभर अंतरावर एक जागा चटका बसेल इतकी तापलेली लागली. टेप सोडवली, तर आत थिंबलच्या, म्हणजे वायर जोडायच्या धातूच्या टोकाच्या, नळीत हिरवट पावडर होती. बोर्डोच्या, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या औषधाच्या, फवाऱ्याचा तुषार ब्लोअरमधून उलटा येऊन वर्षानुवर्षे त्या सांध्यावर बसला होता, मोरचुदाने तांबे खाल्ले होते आणि वायरीचे चार-पाच तारच काय ते शिल्लक होते. नवी वायर आणि नवे थिंबल, एवढेच काम निघाले. त्यांचा काढून टाकलेला जुना अल्टरनेटर मी नंतर बाकावर तपासला. तो ठणठणीत होता. जाड बोल्ट आणि बॅटरीचे पॉझिटिव्ह यांच्यात दिवे चालू असताना अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला, तर वायर बघा. तेवढाच फरक अल्टरनेटरचे अंग आणि बॅटरीचे निगेटिव्ह यांच्यात दिसला, तर अर्थिंगची पट्टी गंजली आहे असे समजा.

इतके करूनही अल्टरनेटरच दोषी ठरला, तर तो काढायचा. बॅटरीची निगेटिव्ह वायर सर्वांत आधी सोडा आणि ती सर्वांत शेवटी जोडा. बारा व्होल्टचा शॉक बसत नाही म्हणून लोक हे टाळतात. उमेदवारीच्या दिवसांत मीही एकदा टाळले होते, आणि पान्हा पॉझिटिव्हवरून चॅसिसला टेकल्याबरोबर माझ्या घड्याळाच्या पट्ट्याने मनगटावर जो डाग दिला, तो अजून आहे. यानंतर मागच्या वायरींचा मोबाइलवर फोटो काढा आणि प्रत्येक वायरीला निराळ्या रंगाची टेप लावा, कारण जुन्या ट्रॅक्टरवर मूळ रंगाची वायर राहिलेलीच नसते. रबरी टोपी सरकवून जाड वायरीचा नट सोडा, मग ताणपट्टीचा बोल्ट आणि खालचा लांब बोल्ट सैल करा, अल्टरनेटर इंजिनाकडे ढकला आणि पट्टा उतरवा. लांब बोल्ट गंजून बसला असेल, तर आदल्या संध्याकाळी त्यावर गंज सुटण्याचे तेल किंवा निदान डिझेल सोडून ठेवा. हातोडा मारला तर ब्रॅकेटचा कान तुटतो आणि तो जोडायला लेथवाल्याकडे अर्धा दिवस जातो. बोल्टावरचे वायसर आणि बुश ज्या क्रमाने निघाले, त्याच क्रमाने तारेत ओवून ठेवा.

जुने युनिट दुरुस्त करावे की नवे घ्यावे? कार्बन, बेअरिंग किंवा रेग्युलेटर गेला असेल, तर दुरुस्तीच शहाणपणाची ठरते आणि आपल्या तालुक्याच्या गावचा ऑटो इलेक्ट्रिशियन ती तासाभरात करतो. वायंडिंगमधून जळक्या वार्निशचा वास येत असेल, तर मी नवेच घेण्याचा सल्ला देतो. मात्र दुकानात जाताना जुने हातात घेऊन जा. कानांमधले अंतर, पुलीच्या खाचेची रुंदी, फिरण्याची दिशा, मागच्या टोकांची मांडणी आणि अँपिअर, एवढे जुळले पाहिजे. "थोडं पॅकिंग टाकून बसेल" असे कोणी म्हणाले, तर ते घेऊ नका.

बसवताना सगळी गोम पुलीत आहे. क्रँकच्या पुलीवर एक सरळ लोखंडी पट्टी आडवी धरा. ती अल्टरनेटरच्या पुलीलाही सारखीच टेकली पाहिजे. दोन मिलिमीटरचा फरकही पट्ट्याची एक कड खातो आणि ज्या ट्रॅक्टरवर हाच पट्टा पाण्याचा पंप फिरवतो, तिथे पट्टा तुटणे म्हणजे भर उन्हात इंजिन तापणे होय. पट्टा खाचेच्या कडांना घट्ट धरून बसला पाहिजे. तो तळाला टेकून चकाकत असेल, तर झिजला आहे, त्यालाही निरोप द्या. ताण देताना पहार मागच्या ॲल्युमिनियमच्या झाकणावर लावू नका, पुढच्या बाजूच्या जाड भागावर लावा. दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने दाबल्यावर पट्टा साधारण दहा-बारा मिलिमीटर दबला, की ताणपट्टीचा बोल्ट घट्ट करा. पट्टा याहून ताणला, तर नव्या बेअरिंगची सहा महिन्यांत शिट्टी वाजू लागते.

वायरी फोटोप्रमाणे जोडा. बॅटरीची टोके उलटी लागणार नाहीत याची दोनदा खात्री करा. ती एकदा उलटी टेकली, तर डायोड क्षणात जातात आणि दुकानदार असा माल परत घेत नाही. चार्जिंग होते की नाही हे पाहायला चालत्या इंजिनावर बॅटरीची वायर काढण्याची जुनी पद्धत कृपया विसरा. ती जुन्या डायनॅमोच्या काळात खपून गेली. अल्टरनेटरमध्ये मात्र त्या क्षणी व्होल्टेज उसळते आणि डायोड किंवा रेग्युलेटर जळतो. बॅटरी पूर्ण बसलेली असेल, तर आधी ती चार्जरवर भरून घ्या, कारण रिकामी बॅटरी पहिल्याच दिवशी नव्या अल्टरनेटरला पूर्ण भाराने तापवते.

मग चावी लावा, दिवा लागतो का पाहा, इंजिन चालू करून रेस द्या, दिवा विझतो का पाहा आणि बॅटरीवर पुन्हा मोजा. हेडलाइट लावल्यावरही आकडा साडेतेराच्या खाली जाता कामा नये. सगळ्या टोकांना व्हॅसलीन किंवा ग्रीसचा पातळ हात द्या, आणि पुढे ट्रॅक्टर धुताना पंपाची धार अल्टरनेटरच्या खिडक्यांत मारू नका. दहा-बारा तास काम झाले, की नवा पट्टा हमखास सैल पडतो, तेव्हा तो पुन्हा एकदा ताणून घ्या. आणि काढलेले जुने युनिट लगेच भंगारात देऊ नका. निदान त्याची पुली, तिचा नट आणि मागची रबरी टोपी काढून ठेवा. नव्याबरोबर ही टोपी बहुतेक वेळा येत नाही.

नमस्कार.