तांदूळ आहे, अंगठा घेईना

[पहाट. दुकानासमोर पिशव्यांची रांग.]

या पिशव्या काल संध्याकाळपासून इथं आहेत. कुणी पिशवीवर दगड ठेवलाय, कुणी तेलाचा रिकामा डबा. माणसं धारा काढायला, चूल पेटवायला घरी गेलीत, नंबर पिशवी धरून आहे. कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात जांबोटी ओलांडून कणकुंबीकडं निघालं की लागणारी ही वाडी. आज रेशन वाटणार, म्हणजे आजचा रोजगार बुडाला.

[टेम्पोतून पोती उतरतात.]

तांदूळ मात्र आलाय. पोत्यांची ही थप्पी नीट बघून ठेवा.

२०१३ साली देशात अन्नसुरक्षा कायदा झाला आणि त्याच वर्षी कर्नाटकात रेशनच्या तांदळाची अन्नभाग्य योजना सुरू झाली. आधी रुपया किलो, २०१५ पासून फुकट. २०२३ मध्ये माणशी १० किलो द्यायचं ठरलं, पण केंद्रानं जादा तांदूळ विकायला नकार दिला. मग त्यातल्या ५ किलोंच्या बदल्यात माणशी १७० रुपये खात्यावर पडू लागले. फेब्रुवारी २०२५ मध्ये पैशांऐवजी पुन्हा तांदूळ सुरू झाला. अगदी गरीब घरांच्या अंत्योदय कार्डाला घरटी ३५ किलो, ते वेगळं.

[मशीन. त्यावर टेकलेला अंगठा, अगदी जवळून.]

आता हा अंगठा बघा. दुकानदार कार्डाचा नंबर घालतो, नाव उघडतं. काचेवर अंगठा ठेवायचा. ठसा नेटवरून आधारच्या सर्व्हरला जातो, तिथं जुळला तर पावती सुटते आणि पावती सुटली तरच काट्यावर माप पडतं. इथं रेंज धरत नाही. म्हणून दुकानदार मशीन घेऊन वरच्या चढावर जातो आणि म्हाताऱ्या माणसांसकट अख्खी रांग त्याच्या मागनं चढते.

रेंज आली तरी रेषा कुठून आणायच्या? जून-जुलैत नट्टीला, म्हणजे भातलावणीला, दिवसभर हात चिखलात. एरवी काजूच्या फॅक्टरीत टरफलं फोडायची. त्या टरफलातलं तेल कातडं जाळतं, आधी बोटांची टोकं सोलतात, मग ती गुळगुळीत होतात. ज्या हातांनी या मुलखात भात पिकवलं, त्याच हातांना मशीन ओळखत नाही.

[आजी पदराला बोट पुसते. पुन्हा. पुन्हा.]

"घेईना की रे त्ये."

दहाही बोटं झाली. कार्डावर तिचं एकटीचंच नाव आहे, त्यामुळं दुसऱ्या कुणाचा अंगठा चालत नाही.

अशा वेळी काय करायचं हे ठरलेलं आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये केंद्राच्या अन्न मंत्रालयानं राज्यांना लेखी कळवलं होतं : ठसा जुळला नाही म्हणून धान्य नाकारू नका, वेगळ्या वहीत नोंद करून द्या. ही गोष्ट या रांगेत कुणाला ठाऊक नव्हती. भिंतीवरचा फलक कन्नडमध्ये, पावतीही कन्नडमध्ये, आणि रांगेतल्या बहुतेकांना वाचता आलीच तर मराठी येते. भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांवर असतील तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्यायच्या, हे सरकारांनी कधीच मान्य केलेलं आहे.

[सुपात तांदूळ. बोटं दाणे वेचतायत.]

ज्यांना मिळाला, त्यांच्या घरी हे चाललंय. थोडे वेगळे दिसणारे दाणे "प्लास्टिकचे" म्हणून वेचून फेकतात. ते लोह आणि जीवनसत्त्वं घालून बनवलेले दाणे आहेत, शंभराला एक असे मिसळलेले. रक्त कमी असलेल्या बायकांसाठीच ते घातलेत, आणि त्याच बायका ते अंगणात टाकतायत, कारण त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

आजीला त्या दिवशी तांदूळ मिळाला नाही. शेजारणीनं दोन शेर उसने दिले.

[संध्याकाळ. दुकानाचं दार बंद. आत पोती.]

दुकानदार म्हणाला, उद्या बघू.

[आजी पिशवीवर दगड ठेवते.]