वीस मायक्रोलिटर

[दृश्य: टेबलावर काळ्या रेघांचं पांढरं कार्ड, त्यापुढे काचेच्या तीन नळ्या]

पहिल्या नळीतून मागच्या काळ्या रेघा स्वच्छ दिसतात. दुसरीतून एकही दिसत नाही. तिसरीपाशी मात्र टेबलाभोवती दोन तट पडलेत. कोणी म्हणतं दिसतात, कोणी म्हणतं छे, पुसट आहेत. ही तिसरी नळी शिकवणाऱ्यांनी मुद्दाम ठेवली आहे.

इंदुरात भरलेल्या निदानशास्त्र परिषदेतला हा कार्यशाळेचा भाग. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, आभार हे सगळं वरच्या सभागृहात यथासांग झालं; आमचा कॅमेरा तेव्हा इथे खाली होता. झाबुआ, आलीराजपूर, धार, बडवानी, खरगोन इथले लॅब टेक्निशियन पोहे-जिलेबी आटोपून सरळ या टेबलाशी आलेत. बोलणं सगळं हिंदीत. पण शिकवणारे इंदूरचे मराठी, त्यामुळे हात चुकला की तोंडातून निघतं ते मराठीच.

विषय आहे सिकलसेल, तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार. विदर्भात ज्यांचे नातेवाईक आहेत, त्यांना हा शब्द नवा नाही.

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाला जोडलेला पडदा]

काचपट्टीवर रक्ताचा एक थेंब. त्यावर 2 टक्के सोडियम मेटाबायसल्फाइटचा एक थेंब, तेही त्याच दिवशी तयार केलेलं. वर कव्हरस्लिप आणि चारही कडांना व्हॅसलिन, म्हणजे आत हवा शिरणार नाही. ऑक्सिजन संपत जातो, तशा गोल, मऊ तांबड्या पेशी लांबट होतात, मग टोकदार, मग विळ्यासारख्या. हा आकार अमेरिकेत जेम्स हेरिक यांनी 1910 मध्ये नोंदवला. 1949 मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की गडबड हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन, एवढाच फरक. भारतात या दोषाची पहिली नोंद 1952 ची, निलगिरीतल्या आदिवासींमधली.

[दृश्य: सभेचं व्यासपीठ, कार्ड देतानाचे क्षण, तीन वेगवेगळ्या सभा]

आता हे कार्ड बघा. 15 नोव्हेंबर 2021, भोपाळ. जनजातीय गौरव दिवसाच्या सभेत पंतप्रधान नरेंद्र मोदी मध्य प्रदेशाच्या सिकलसेल मिशनची सुरुवात करतात, ती काही लाभार्थींच्या हाती जनुकीय समुपदेशनाचं कार्ड देऊन. 1 जुलै 2023, राज्याच्या दुसऱ्या टोकाला शहडोल. इथून राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मिशन सुरू होतं: 17 राज्यं, 278 जिल्हे, 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी आणि निर्मूलनासाठी 2047 ची मुदत. पुन्हा कार्ड. आणि 17 सप्टेंबर 2025 ला आपल्या शेजारच्या धार जिल्ह्यात, बदनावर तालुक्यातल्या भैंसोल्यात, पीएम मित्र या कापड-उद्योग पार्कच्या पायाभरणीच्या सभेत राज्यातलं 1 कोटीवं सिकलसेल तपासणी कार्ड.

तीन सभा, तिन्ही ठिकाणी मंडप, गर्दी, कॅमेरे. कार्ड हाताच्या पंजाएवढंसुद्धा वाटत नाही. पण त्यावर जे दोन इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं असतं, एए (निर्दोष), एएस (वाहक, म्हणजे दोष एकाच पालकाकडून आलेला) किंवा एसएस (आजारी), ती अक्षरं व्यासपीठावर ठरत नाहीत. ती या टेबलावर ठरतात.

[दृश्य: मायक्रोपिपेट, जवळून]

ही सोल्युबिलिटी चाचणी. नळीत 2 मिलिलिटर अभिकर्मक: पोटॅशियम फॉस्फेटचं दाट द्रावण, पेशी फोडायला सॅपोनिन, ऑक्सिजन ओढून घ्यायला सोडियम डायथायोनाइट. त्यात 20 मायक्रोलिटर रक्त. हलवायचं, 5 मिनिटं थांबायचं, मग रेघांच्या कार्डापुढे इंचभर अंतरावर धरायचं. सिकल हिमोग्लोबिन, म्हणजे एस, या द्रावणात विरघळत नाही, म्हणून नळी गढूळ होते.

वीस मायक्रोलिटर म्हणजे टाचणीच्या डोक्यापेक्षा थोडा मोठा थेंब. पिपेटच्या टोकाला बाहेरून लागलेलं रक्त टिपून घेतलं नाही, की तो वीसचा पंचवीस होतो.

कागदावर सोपं. गावातल्या शिबिरात काय बिघडतं, ते ऐका. डायथायोनाइट हवेशी जमवून घेत नाही. बाटलीचं झाकण अर्धवट राहिलं की आठवडाभरात त्याची ताकद उतरते, आणि मग रक्तात एस असूनही नळी स्वच्छ. तयार द्रावण फ्रिजमध्ये ठेवायचं हे बरोबर, पण थंडगार वापरायचं नाही, आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं. उलट बाजूने रक्तात चरबी किंवा प्रथिनं फार असली, तर एस नसतानाही नळी धूसर दिसते. सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर ही चाचणी करूच नये: त्याच्या रक्तात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन एफ इतकं असतं, की एस लपून बसतं. नुकतंच रक्त चढवलेल्या माणसाचंही तेच. त्याच्या नळीत उत्तर दात्याचं येतं.

म्हणून प्रत्येक खेपेला दोन ओळखीचे नमुने सोबत लावायचे, एक खात्रीचा एए, एक खात्रीचा एएस. शिबिरात घाई असते, रांग मोठी असते, आणि सगळ्यात आधी काट बसते ती या दोन नळ्यांना. असं करू नये. ज्या दिवशी ओळखीचा एएस नमुना गढूळ होत नाही, त्या दिवशीची सगळी तपासणी बाद.

झटपट पट्टीची चाचणीही इथे मांडली आहे. बोटातलं रक्त, दहाएक मिनिटांत उत्तर. तिच्या एका प्रकारात मेख अशी, की रेघ उमटली नाही म्हणजे ते हिमोग्लोबिन आहे. आयुष्यभर दोन रेघा म्हणजे पॉझिटिव्ह असं शिकलेल्या डोळ्याला हे उलटं बसवायला वेळ लागतो. पहिल्या फेरीत या टेबलावरही उलटंच वाचलं गेलं.

[दृश्य: दंडाला पट्टा, जांभळ्या झाकणाची नळी]

गढूळ नळी फक्त एवढंच सांगते की एस आहे. माणूस वाहक आहे की आजारी, हे ती सांगत नाही. या मुद्द्यावर कार्यशाळेतला अर्धा वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता. गढूळ नळीवरून थेट कार्ड लिहिणं हा तपासणीतला सर्वांत महागडा शॉर्टकट आहे.

पक्क्या निदानासाठी शिरेतलं 2 मिलिलिटर रक्त, ईडीटीएच्या, म्हणजे रक्त साकळू न देणाऱ्या नळीत. स्पिरिट लावल्यावर ते वाळू द्यायचं, नाहीतर पेशी फुटतात. नळी आठ-दहा वेळा अलगद उलटी-सुलटी करायची.

“अहो ताई, कालवा, घुसळू नका. ताक नाही ते.”

मग लेबल. नाव, वय, गाव आणि नंबर, तेही नळीवर, झाकणावर नाही. एकाच पाड्यावर एकाच नावाच्या चार मुली सापडतात. नमुने 2 ते 8 अंशांत न्यायचे. बर्फाला नळी थेट टेकली तर रक्त गोठून फुटतं.

[दृश्य: एचपीएलसी यंत्र, पडद्यावर चढउतारांचा आलेख]

हे एचपीएलसी. रक्त एका बारीक स्तंभातून जातं. वेगवेगळी हिमोग्लोबिनं त्याला कमी-जास्त घट्ट चिकटतात आणि आपापल्या वेळेला सुटून बाहेर येतात. यंत्राच्या प्रचलित कार्यक्रमात एका नमुन्याला साधारण 6 मिनिटं. नेहमीचं हिमोग्लोबिन ए आधी येतं, मग थोडंसंच असणारं ए2, मग साडेचार मिनिटांच्या आसपास एस.

वाहकात एस साधारण 25 ते 40 टक्के, आणि ए त्याहून जास्त. आजारी माणसात एसचाच डोंगर, सोबत एफ. ए2 वाढलेलं आणि पेशी आकाराने लहान असतील, तर एससोबत बीटा थॅलसेमिया या दुसऱ्या आनुवंशिक रक्तदोषाची शंका घ्यायची. पण इथे सावध: एसचाच एक रासायनिक बदललेला अंश ए2 च्या खिडकीत, म्हणजे त्याच्या बाहेर येण्याच्या वेळेत घुसतो आणि आकडा फुगवतो. स्तंभाचं तापमान सरकलं तर वेळाही सरकतात, म्हणून यंत्र काय छापतं त्याआधी आलेखाचा आकार बघायचा. विजेच्या प्रवाहाने हिमोग्लोबिनं वेगळी करणाऱ्या जुन्या पद्धतीच्या विद्युत-पट्टीवर अल्कलाइन माध्यमात एस आणि डी (हिमोग्लोबिनचा आणखी एक बदललेला प्रकार) शेजारी नाही, एकाच जागी बसतात. डीची सोल्युबिलिटी नळी मात्र स्वच्छ राहते. दोन चाचण्या एकमेकींना विचारून घ्याव्या लागतात, त्या या अशा.

[दृश्य: दोन कार्डं शेजारी]

मग कार्ड. दोन वाहकांचं लग्न झालं, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ आजारी असण्याची शक्यता 25 टक्के, वाहक 50, निर्दोष 25. प्रत्येक वेळी नव्याने. “एक आजारी झालं, आता पुढची तीन चांगली” हा हिशेब चुकीचा आहे, आणि घरोघर मांडला जातो. पत्रिका जुळवणाऱ्यांनी आधी ही दोन कार्डं जुळवावीत. आजार निघाला तर हायड्रॉक्सीयुरिया हे औषध, फॉलिक ॲसिड, लसी, आणि ताप आला की लगेच दवाखाना. त्याचं चित्रीकरण या परिषदेत नव्हतं.

[दृश्य: पुन्हा तिसरी नळी]

आता ही. नमुना पंडुरोग झालेल्या माणसाचा: हिमोग्लोबिन 7 ग्रॅमच्याही खाली. रक्तच पातळ, त्यामुळे 20 मायक्रोलिटरमध्ये पुरेसं एस आलंच नाही. रेघा दिसतात म्हणणारेही बरोबर, पुसट म्हणणारेही.

शिकवणारे उरलेलं रक्त सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात. वरचा पिवळा द्रव काढून टाकतात. खाली बसलेल्या पेशींतून 10 मायक्रोलिटर घेतात, नव्या नळीत सोडतात.

5 मिनिटं. कोणी बोलत नाही.

नळी कार्डापुढे. रेघा गेल्या. तीच नळी पुन्हा फिरवली जाते: वर गडद लाल थर, खाली फिकट द्रावण.

जांभळ्या झाकणाची दुसरी नळी एव्हाना यंत्रात गेली आहे. प्रिंटरमधून कागद सरकतो. एच्या जागी जेमतेम उंचवटा, पुढे एसचा डोंगर.