‘गेलो होतो’ म्हणजे ‘हॅड गॉन’ नव्हे

‘काल मी पुण्याला गेलो होतो.’ हे वाक्य इंग्रजीत लिहायला सांगितलं की मराठी माध्यमातून आलेले बरेच जण पटकन लिहितात, ‘यस्टरडे आय हॅड गॉन टू पुणे.’ एकही शब्द अवघड नाही, स्पेलिंग बरोबर आहे, आणि तरी वाक्य चुकलं आहे. हवं होतं, ‘आय वेंट टू पुणे यस्टरडे.’ आजचं व्याख्यान अशा चुकांबद्दल आहे, कारण इंग्रजीत कथा, ललित किंवा साधी प्रवासाची टिपणं लिहू पाहणाऱ्या मराठी माणसाचं लेखन शब्दांवाचून फारसं अडत नाही. ते अडतं वाक्यात.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हटलं आणि आपण ते शब्दांच्या वाट्या मोजून प्यायला लागलो. रोज दहा नवे शब्द, वहीत डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. महिन्याला तीनशे. या वह्या भरतात, पण लेखन तिथंच राहतं.

‘गेलो होतो’कडे परत येऊ. मराठीत ‘गेलो’ आणि ‘गेलो होतो’ यांत बारीक फरक आहे. ‘पुण्याला गेलो होतो’ म्हटलं की ऐकणाऱ्याला कळतं, हा जाऊन परत आला, तो विषय संपला. इंग्रजीतलं ‘हॅड’ हे काम करत नाही. भूतकाळातली एक गोष्ट दुसऱ्या गोष्टीच्या आधी घडली, एवढंच ते सांगतं: ‘बाय द टाइम आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट.’ दुसरी गोष्ट वाक्यात किंवा आसपास नसेल, तर ‘हॅड’ला टेकायला जागाच नाही. वाचक उगाच वाट पाहत राहतो, की कशाच्या आधी?

कथेत याचा फार मोठा उपयोग आहे. पात्राला वीस वर्षं मागं न्यायचं असेल तर पहिल्या एक-दोन वाक्यांत ‘हॅड’ वापरा आणि मग साध्या भूतकाळात उतरा. पूर्ण दोन पानं ‘हॅड सेड, हॅड टोल्ड, हॅड क्राइड’ चालू ठेवलं, तर वाचकाच्या कानात नुसती ‘हॅड हॅड’ वाजत राहते. वर्तमानात परत येताना एखादी ठोस खूण द्या, चहा निवला, दारावर टकटक झाली. नुसत्या काळाच्या भरवशावर राहू नका.

‘तो रोज यायचा’ हेही असंच वाक्य. त्याचं ‘ही वॉज कमिंग एव्हरी डे’ होत नाही. एकदा ‘यूज्ड टू’ लिहा: ‘ही यूज्ड टू कम एव्हरी इव्हिनिंग.’ सवय बसली की पुढची वाक्यं ‘वुड’नं चालवा: ‘ही वुड सिट ऑन द स्टेप्स अँड आस्क फॉर वॉटर.’ तिसऱ्या-चौथ्या वाक्यापासून साधा भूतकाळ पुरतो. एक अडचण लक्षात ठेवा. ‘वुड’ कृतीला चालतं, स्थितीला चालत नाही. ‘ही वुड लिव्ह इन सातारा’ म्हणजे ‘तो साताऱ्याला राहायचा’ होत नाही, तिथं ‘यूज्ड टू लिव्ह’च.

आता एक लांब वाक्य जवळून बघू. ‘एसटी स्टँडवर उतरून, चहा पिऊन, आजीसाठी केळी घेऊन तो चालत घरी गेला.’ मराठीत हे अगदी ऐटीत चालतं. सगळी ‘ऊन’वाली धातुसाधितं रांगेत उभी, आणि शेवटी एक क्रियापद सगळ्यांना घरी पोचवतं. याचं इंग्रजी असं होतं: ‘आफ्टर गेटिंग डाउन ॲट द एसटी स्टँड, ड्रिंकिंग टी अँड टेकिंग बनानाज फॉर ग्रँडमदर, ही वेंट टू होम बाय वॉकिंग.’ इथं पंचाईत काय झाली? चारपैकी तीन कृती अर्ध्या क्रियापदांत अडकल्या, आणि माणूस दिसायच्या आत वाचकाला तीन थांबे घ्यावे लागले. इंग्रजीत प्रत्येक कृतीला तिचं स्वतःचं पूर्ण क्रियापद द्या: ‘ही गॉट ऑफ ॲट द बस स्टँड, हॅड अ कप ऑफ टी, बॉट सम बनानाज फॉर हिज ग्रँडमदर अँड वॉक्ड होम.’

शेवटचे दोन शब्द बघा. ‘चालत घरी गेला’ याचे दोनच शब्द झाले, ‘वॉक्ड होम’. ‘होम’च्या आधी ‘टू’ नाही, आणि ‘वेंट’ तर नाहीच. मराठीत जाण्याची क्रिया क्रियापदात असते आणि जाण्याची तऱ्हा बाहेरून जोडलेली असते: लंगडत गेला, रेंगाळत गेला, तरातरा गेला, चोरपावलांनी गेला. इंग्रजीत ती तऱ्हा क्रियापदाच्या पोटातच असते: ‘ही लिम्प्ड अवे’, ‘ही डॉडल्ड’, ‘ही स्ट्रोड ऑफ’, ‘ही क्रेप्ट आउट’. म्हणून आपल्या इंग्रजीत ‘वेंट स्लोली’, ‘वेंट क्विकली’, ‘केम अँग्रिली’ अशी ‘ली’ लागलेल्या शब्दांची झुंबड होते. अशी क्रियाविशेषणं काढून टाका, असा सल्ला सगळेच देतात. कारण मात्र क्वचितच कुणी सांगतं: बहुतेक वेळा नेमकं क्रियापद सापडलेलं नसतं, म्हणून ती येतात. आपल्या मसुद्यातल्या ‘वेंट’, ‘केम’, ‘लुक्ड’ आणि ‘सेड’ या चार शब्दांखाली पेन्सिलीनं रेघ मारा. पहिल्या तिघांच्या पुढं ‘ली’ दिसलं तर दोन्ही मिळून एक क्रियापद शोधा. ‘सेड’ला हात लावू नका. संवादात ‘सेड’ वाचकाला दिसतच नाही आणि ते तसंच असायला हवं. ‘एक्सक्लेम्ड’, ‘रिटॉर्टेड’, ‘ओपाइन्ड’ यांनी संवादाचं नाटक होतं.

वाक्यात जोर कुठं पडतो, हा याहून मोठा मुद्दा. मराठीला ‘च’, ‘ही’, ‘तर’, ‘सुद्धा’ ही चिमुकली अव्ययं आहेत. कुठल्याही शब्दाला चिकटवली की जोर तिथं पडतो. ‘मी कालच आलो’, ‘मीच काल आलो’, ‘मी काल आलोच’, ही तीन वेगळी माणसं बोलताहेत. इंग्रजीत ही सोय नाही. म्हणून ‘आय केम यस्टरडे ओन्ली’ तयार होतं. इंग्रजी जोर जागेनं देतं, आणि सर्वांत वजनदार जागा म्हणजे पूर्णविरामाच्या अगदी आधीची. मराठीत ती जागा आपोआप क्रियापदाला जाते, त्यामुळे तिथं काय ठेवायचं याचा विचार करायची सवयच आपल्याला नसते. मग वाक्यं ‘आल्सो’, ‘एटसेट्रा’, ‘इन माय ओपिनियन’, ‘ॲट दॅट टाइम’ असल्या शब्दांवर संपतात. ‘शी फाउंड द लेटर अंडर हिज पिलो दॅट मॉर्निंग’ आणि ‘दॅट मॉर्निंग, अंडर हिज पिलो, शी फाउंड द लेटर’ ही मोठ्यानं वाचा. पहिल्यात सकाळ मोठी होते, दुसऱ्यात पत्र. पत्रानं कथा हलणार असेल तर ते शेवटी हवं. फक्त हे प्रत्येक वाक्यात करू नका, नाहीतर प्रत्येक वाक्य ढोल वाजवत येईल.

आर्टिकलबद्दल थोडक्यात बोलणं अवघड आहे, कारण मराठीत ती वस्तूच नाही. नियमांची यादी पाठ करण्यापेक्षा एक प्रश्न विचारा: ‘कोणता?’ असं वाचकानं विचारलं तर त्याला उत्तर माहीत असेल का? असेल तर ‘द’, नसेल आणि वस्तू एक, मोजता येणारी असेल तर ‘अ’ किंवा ‘ॲन’. एवढ्यावर निम्मं काम भागतं. उरलेलं निम्मं वाक्प्रचारांत असतं आणि ते कानानंच येतं: ‘वेंट टू बेड’ म्हणजे झोपायला गेला, ‘वेंट टू द बेड’ म्हणजे पलंगापाशी गेला. ‘शी हॅड फ्यू फ्रेंड्स’ म्हणजे मित्र जवळजवळ नव्हतेच, ‘अ फ्यू’ म्हणजे होते थोडे. एका अक्षरानं पात्राचं नशीब बदलतं.

लेखकाला मात्र आर्टिकल हे हत्यार म्हणूनही वापरता येतं. ‘ॲन ओल्ड मॅन वॉज सिटिंग बाय अ विंडो’ असं सुरू केलं तर आपण त्या म्हाताऱ्याला लांबून बघतो. ‘द ओल्ड मॅन वॉज स्टिल बाय द विंडो’ असं सुरू केलं की आपण आधीपासून त्या खोलीतच होतो. मराठीत हे साधायला ‘तो’ किंवा ‘अजून’ घालावं लागतं.

माणसांनी एकमेकांना हाक मारायची तऱ्हा हा मराठी लेखकाचा खास प्रश्न. ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’, ‘अहो’, ‘अगं’ या सगळ्यांना इंग्रजीत एकच ‘यू’. मराठी कथेत ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं की सगळं कळतं, इंग्रजीत तो क्षण वाहून जातो. म्हणून तो दुसरीकडे पेरावा लागतो. आडनावानं हाक मारणारा नावानं मारू लागतो, ‘वुड यू माइंड’ जाऊन ‘पास मी दॅट’ येतं, कोणी न विचारता दुसऱ्याच्या ताटातलं लोणचं उचलतं. नात्यांचंही तेच. आत्या, मावशी, काकू, मामी या चौघींना ‘आंट’मध्ये कोंबू नका. मराठी शब्द तसाच ठेवा, तिरपा टाइप नको, तळटीप नको, ‘दॅट इज, माय फादर्स सिस्टर’ तर नकोच. पहिल्या वाक्यातल्या कामातून नातं कळू द्या: ‘सुमनआत्या हॅड ब्रॉट माय फादर अप आफ्टर देअर मदर डाइड.’ आत्या कोण, ते परदेशी वाचकालाही यातून समजतं.

शब्दांना मी अगदीच हाकलून देत नाही. पण वहीची पद्धत बदला. इंग्रजीवर १०६६च्या नॉर्मन विजयानंतर फ्रेंचचा थर चढला, वर लॅटिनचा. त्यामुळे एकाच अर्थाला तीन मजले मिळतात: ‘आस्क’ जुनं इंग्रजी, ‘क्वेश्चन’ फ्रेंचमधून, ‘इंटरॉगेट’ लॅटिनमधून. वर जाल तसा शब्द थंड आणि सरकारी होतो. आपलं इंग्रजी पाठ्यपुस्तक आणि कचेरीच्या पत्रव्यवहारातून आल्यामुळे आपला हात आधी वरच्या मजल्यावर जातो. कथेतली आई ‘परचेस’ करत नाही, ती ‘बाय’ करते. शब्दांचे अर्थ न लिहिता शेजार लिहा: ‘स्ट्राँग टी’, पण ‘हेवी रेन’, ‘मेक अ डिसिजन’, पण ‘डू द डिशेस’. यासाठी परक्या शिकणाऱ्यांकरता केलेला शब्दकोश घ्या. ए. एस. हॉर्नबी या इंग्रज शिक्षकानं असा कोश जपानमध्ये शिकवताना तयार केला, तो पहिल्यांदा १९४२मध्ये तिथंच छापला गेला. त्याच्या पुढच्या आवृत्त्या ‘ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’ या नावानं आपल्याकडच्या दुकानांत मिळतात. दिवसाला पाच जोड्या पुष्कळ झाल्या, पण प्रत्येकीचं स्वतःचं एक वाक्य हवं.

आता सराव. सोळाव्या शतकातले इंग्रज शिक्षक रॉजर ॲस्कम यांनी १५७०मध्ये छापल्या गेलेल्या पुस्तकात लॅटिन शिकण्यासाठी दुहेरी भाषांतर सांगितलं: लॅटिनमधून इंग्रजीत, मध्ये वेळ जाऊ द्यायचा, मग परत लॅटिनमध्ये, आणि मूळाशी ताडून बघायचं. पुढं बेंजामिन फ्रँकलिन यांनी ‘स्पेक्टेटर’ या इंग्रजी नियतकालिकातल्या निबंधांवर असंच काही केलं. प्रत्येक वाक्याचं छोटं टिपण काढायचं, ते काही दिवस बाजूला ठेवायचं, मग पुस्तक न बघता निबंध पुन्हा लिहायचा. आपल्या हातात तर दुसरी भाषा तयारच आहे.

चांगल्या लेखकाचा सव्वाशे-दीडशे शब्दांचा उतारा निवडा. त्यात कृती हवी; नुसतं वर्णन किंवा तत्त्वज्ञान नको, कारण क्रियापदांची परीक्षा कृतीतच होते. त्याचं मराठी करा आणि अस्सल मराठी करा. इंग्रजीच्या सावलीतलं मराठी केलंत तर परत जाताना वाट सोपी होते आणि सराव फुकट जातो. पाच दिवस थांबा. दुसऱ्या दिवशीच परत लिहिलंत तर आठवण लिहील, तुम्ही नाही. मग फक्त मराठीवरून इंग्रजी लिहा, साधारण चाळीस मिनिटं, शब्दकोश बंद. शेवटी पान दोन स्तंभांत आखा. बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ १८३२ पासून असंच शेजारी-शेजारी मराठी आणि इंग्रजी छापत असे. इथं दोन्हीकडे इंग्रजीच: डावीकडे मूळ, उजवीकडे तुमचं.

तपासताना क्रम महत्त्वाचा. आधी क्रियापदं आणि काळ, मग वाक्य कुठं तुटलं आणि शेवटी काय आलं, मग आर्टिकल आणि शब्दयोगी, शब्दनिवड सर्वांत शेवटी. उलट क्रमानं गेलात तर सुंदर शब्दांच्या नादात वाक्याचा कणा बघायचाच राहतो. मूळ लेखकापेक्षा तुमचं वाक्य क्वचित बरं निघेल. निघालं तर ठेवा, मोठ्या लेखकाला घाबरून खोडू नका. चुकांची वेगळी वही करा, प्रत्येक चूक एका ओळीत, शेजारी उताऱ्याचा क्रमांक. आठ-दहा उताऱ्यांत दिसायला लागतं, की चुका पन्नास नाहीत, तीन-चारच आहेत आणि त्याच पुन्हा पुन्हा येतात.

संगणकावरचा व्याकरण-तपासनीस या सरावात बंद ठेवा. तो चूक सुधारतो आणि ती कुठून आली ते पुसून टाकतो. शिवाय ‘सुमनआत्या’खाली लाल रेघ मारतो.

दाराशी कागद ठेवले आहेत, प्रत्येकावर एक उतारा आहे. एकच घ्या. मराठी आज रात्री करा, वर तारीख घाला, आणि मूळ इंग्रजीचा कागद पाच दिवस घरातल्या दुसऱ्या कुणाकडे तरी ठेवायला द्या.